गडग्यापलीकडचं जॅझ

"ऐकलंस का गो? आमची पुण्याची नात आता हॉटेलात गाणार म्हणत्ये."

काकू खळ्यात आल्या होत्या त्या खरं तर आमसुलं उलटायला. मे महिन्याचं ऊन, दोन सुपांत कोकमाच्या साली, बोटं लालभडक. पण बातमी अशी की सुपं राहिली बाजूला आणि त्या थेट गडग्याला टेकल्या.

"हॉटेलात म्हणजे कसं?"

"म्हणजे लोक जेवतायत आणि ही कोपऱ्यात उभी राहून गात्ये. दर शनिवारी. गाणं तरी काय, तर जॅझ! हिचे पणजोबा कीर्तनकार, आजोबा अजून एकादशीच्या भजनाला तबल्यावर बसतात, आत्ये विशारद. गाणारं घर आमचं. त्या घरातली मुलगी हॉटेलात?"

"गाणाऱ्या घरातली आहे म्हणूनच गाते ना काकू? नाहीतर भजी तळली असती."

"तुला थट्टा सुचत्ये. गाणारं घर म्हणजे मंगेशकरांसारखं. दीनानाथ 'संन्यस्त खड्ग'मध्ये उभे राहिले की काय होत असे, ते आमचे मामंजी सांगायचे. तात्याराव सावरकरांनी इथे रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलेलं नाटक. 1931 साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. ते गाणं! आणि त्यातलीच एक मुलगी लता झाली, एक आशा झाली."

"आणि आशाबाईंनी काय गायलं? क्लबातलीच गाणी गायली की निम्मी!"

"ती सिनेमात. पडद्यावर दुसरीच नाचत्ये. आमची नात स्वतः उभी राहणार."

आता हा मुद्दा तसा बिनतोड होता. मी कपड्यांची बादली खाली ठेवली.

"बरं, उषा उथुप माहितीय ना?"

"ती मोठ्या टिकलीची? 'रंभा हो'वाली? ती कसली जॅझवाली?"

काकूंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. उषाबाई शुद्ध जॅझवाल्या नव्हेतच, आणि त्या स्वतःला नाइटक्लबमध्ये गाणारी बाई म्हणवून घेतात, तेही ताठ मानेने. पण क्लबमध्ये त्या काळी जे चालायचं त्यात जॅझ, पॉप, कॅलिप्सो सगळंच यायचं, आणि आवाज मात्र जॅझचाच. खालचा, जाड, जरा खरखरीत. शिवाय घर गाण्याचं. मी म्हटलं, काकूंना ही गोष्ट सांगायलाच हवी.

"मुंबईच्याच त्या. जन्म 1947 चा. भायखळ्याच्या पोलीस क्वार्टर्समध्ये वाढल्या. वडील सामी, मुंबई पोलिसांत अधिकारी. मद्रासकडचं कुटुंब. सहा भावंडं, ही पाचवी. तीन बहिणी आणि तिघीही गाणाऱ्या. त्यातल्या उमा पोचांचं 'बॉम्बे मेरी है' तुम्ही ऐकलं असणार."

"पोचा म्हणजे पारशी का गो?"

"लग्नानंतरचं नाव."

"हां." काकूंनी ते नोंदवून ठेवलं. असली माहिती त्यांच्याकडे कधी वाया जात नाही.

"तर घरात रेडिओवर सगळं चालायचं. बडे गुलाम अलींपासून पाश्चात्त्य सिंफनीपर्यंत. किशोरीताईसुद्धा."

"मोगूबाईंची किशोरी?" काकूंचा चेहरा एकदम बदलला. कुर्डीकरांचं नाव निघालं की आमच्याकडे माणूस सरळ उभा राहतो. "मग शिकली का नाही मुलगी त्यातलं काही?"

"इथेच तर गंमत आहे. शाळेत गाण्याच्या तासाला बाईंनी तिला बाहेर काढलं. म्हणे, आवाज इतर मुलींत बसत नाही. सगळ्यांचा आवाज बारीक, कोवळा, आणि हिचा बाप्यासारखा. मग तिच्या हातात काय दिलं, तर टाळ्या वाजवायच्या लाकडी फळ्या आणि तो लोखंडी त्रिकोण. गाऊ नको, वाजव!"

काकू गप्प झाल्या. त्यांच्या नातीचाही आवाज लहानपणापासून घोगरा. घरी आत्येच्या क्लासात तिला कायम मागच्या रांगेत बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ते मी बोलले नाही. काकू मात्र बोलल्याच.

"गंगूबाईंचा आवाज काय कमी जाड होता? गळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर आणखी जाड झाला. हनगलांचा तो स्वर लागला की बाई गात्ये की पुरुष, हे विचारायचंसुद्धा भान राहत नसे. पण त्यांना कोणी त्रिकोण दिला नाही वाजवायला."

"आपल्या शास्त्रीय गाण्यात काळी एक, काळी दोन, काळी चार, ज्याची त्याची पट्टी असते. शाळेच्या समूहगीतात सगळ्यांना एकाच पट्टीत कोंबायचं. तिथे असला आवाज आडवा येणारच."

तेवढ्यात पडवीतून काकांचा खाकरण्याचा आवाज आला. काकांना कमी ऐकू येतं असं काकू म्हणतात. माझा अनुभव असा की गाण्याचा विषय निघाला की काकांना शेजारच्या आळीतलंही ऐकू येतं.

"उषाला नऊ वर्षांची असताना रेडिओवर कोणी नेलं, ते सांग तिला," काका म्हणाले. "अमीन सायानीनी! रेडिओ सिलोन!"

"होय. बहिणी आधीच गायच्या, त्यांनीच हिची सायानींशी गाठ घालून दिली. ओव्हल्टिन म्युझिक अवर म्हणून कार्यक्रम होता. त्यात नऊ वर्षांच्या उषाने 'मॉकिंगबर्ड हिल' म्हटलं. शाळेने काढलं, रेडिओने घेतलं."

"घरात मोठ्या बहिणी असल्या की हा एक फायदा असतो," काकू म्हणाल्या. "आणि तोटा हा की सगळे म्हणतात, थोरलीसारखं गा."

मला हे फार पटलं. गाणाऱ्या घरातल्या शेंडेफळाच्या आसपासच्या मुलांचं हेच दुखणं. स्वर कानावर पडून पडून फुकट मिळतो, पण प्रत्येक जागा आधीच कोणीतरी अडवून बसलेलं असतं. उषाने कोणाची जागा मागितलीच नाही. तिला मुळात गाण्याचं रीतसर शिक्षणच नाही. जे आलं ते घरातून, रेडिओवरून आणि शेजाऱ्यांकडून.

"शेजाऱ्यांकडून कसं?"

"क्वार्टर्समध्ये शेजारी पठाण होते. तेही पोलिसांत, उपायुक्त. त्यांची मुलगी हिची मैत्रीण. तिच्यामुळे ही हिंदी बोलायला शिकली, सलवार-कमीज घालायला लागली, आपल्या शास्त्रीय संगीतात रस घ्यायला लागली. म्हणजे तमिळ घर, कॉन्व्हेंटची शाळा, पठाणांचा शेजार आणि भायखळ्याचा रस्ता. पुढे ही बाई सतराएक भारतीय भाषांत गायली म्हणतात, त्याची मुळं तिथली."

"म्हणजे शेजारीण चांगली असली तर माणूस सुधारतो," काकू माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. टोला होता की कौतुक, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"आता हॉटेलाचं ऐका. विशीतली पोर मद्रासला गेली होती. तिथे माउंट रोडवर नाइन जेम्स नावाचा छोटा नाइटक्लब होता. तिथे ती गायली. अंगावर काय, तर साडी!"

"नाइटक्लबात साडी?"

"कांजीवरम. केसांत फुलं, कपाळावर टिकली. त्या काळी क्लबात गाणाऱ्या बहुतेक मुली अँग्लो-इंडियन नाहीतर गोव्याच्या ख्रिश्चन घरातल्या. अंगात झगमगीत गाऊन. तिथे ही मद्रासी सुनेच्या थाटात येऊन उभी राहिली आणि त्या खालच्या आवाजात इंग्रजी गाणं लावलं. मालकाने तिथल्या तिथे सांगितलं, आठवडाभर थांब."

"मुद्दाम नेसली का? लोकांना धक्का द्यायला?"

"मुळीच नाही. ती घरी तेच नेसायची. तिचं म्हणणं साधं आहे: मी मध्यमवर्गीय घरातली, साडीच नेसते, तर गाताना वेगळं का नेसू?"

इथे मात्र काकूंनी मान डोलावली. आणि मला वाटतं, उषा उथुपच्या सगळ्या कहाणीत हीच जागा महत्त्वाची आहे. बंड करायचं म्हणून तिने काही केलं असं दिसत नाही. क्लबात गेली, पण घर बाहेर काढून ठेवून गेली नाही. त्यामुळे क्लबाचीच पंचाईत झाली. लोक आपल्या बायकांना, आयांना घेऊन यायला लागले. साडीतली बाई गाते म्हटल्यावर घरच्यांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

"मग मुंबईत टॉक ऑफ द टाउन आणि 1969 मध्ये कलकत्त्याला ट्रिंकाज. पार्क स्ट्रीटवर. ही जागा मूळची एका स्विस माणसाची, चहा-केकची. ट्रिंका आणि फ्लुरी आधी भागीदार, मग फिसकटलं आणि दोघांची दुकानं वेगळी झाली."

"कशावरून फिसकटलं?"

"ते राहूदे काकू. तर त्या पार्क स्ट्रीटवर तेव्हा दर दोन दारांआड बँड. पॅम क्रेनसारखी खरीखुरी जॅझ गायिका तिथलीच. पुढे लुई बँक्सही तिथे पियानो वाजवायचा, आणि त्याचंही घर गाण्याबजावण्याचंच, वडील ट्रंपेटवाले. अशा गावात उषा साडी नेसून उभी राहिली आणि टिकली. नुसती टिकली नाही, तिथलीच झाली. नवराही तिथेच भेटला. उथुप हे त्याचं आडनाव, केरळचं. त्याआधीच्या रेकॉर्डवर उषा अय्यर म्हणून नाव आहे, पहिल्या लग्नाचं."

"दोन लग्नं?" काकूंनी आवाज खाली आणला. खळ्यात आम्ही दोघीच, तरी.

"दोन."

"असूदे, असूदे. माणसाचं काय." मग जरा थांबून, "मुलंबाळं?"

"मुलगी, मुलगा. दोन्ही आहेत."

काकूंचं समाधान झालं.

"पण जॅझ म्हणजे नेमकं काय ते सांग मला," त्या म्हणाल्या. "नातीला विचारलं तर म्हणत्ये, आजी, ते फील करायचं असतं. मेलं फील काय करायचं?"

हे सांगणं कठीण. काकू जाखडीतले शक्ती-तुऱ्याचे सामने बघत वाढलेल्या आहेत, म्हणून मी तिकडून शिरले. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर येतात. चाल ठरलेली, ढोलकी ठरलेली, पण समोरच्याने काय टाकलं त्यावर शाहिराला जागेवर उत्तर जुळवावं लागतं. जॅझही तसंच. गाण्याचा सांगाडा सगळ्यांना पाठ, त्यावर ट्रंपेटवाला काहीतरी टाकतो, पियानोवाला उचलतो, गाणारी बाई ओळ अर्धी मात्रा मागे ओढते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखातून, त्यांच्या देवळातल्या आणि शेतावरच्या गाण्यांतून ते आलं. न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलं.

"मग मागे वाद्यं किती?"

"कधी ढीगभर, कधी काहीच नाही. 'फीव्हर' म्हणून गाणं आहे. पेगी लीने 1958 मध्ये गायलं तेव्हा मागे बास, थोडा ड्रम आणि बोटांच्या चुटक्या. बस्स. उषाबाई ते अजून गातात. त्या आवाजाला मागे फार काही लागतच नाही."

"आणि हे सगळं कलकत्त्याचं आणि अमेरिकेचं कौतुक चाललंय," काका आता पडवीच्या पायरीवर येऊन बसले होते. "मुंबईचं बोला. 1935 साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन आपला बँड घेऊन आला. त्याच्या मागून आणखी आले. आपल्या गोव्याची पोरं त्यांच्याकडून शिकली. पाद्रीच्या शाळेत नोटेशन घोटलेली पोरं ती! हळदोण्याचा आंतोनियो वाझ. नाव बदलून चिक चॉकलेट झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत?" काकू चकित.

"'अलबेला' किती वेळा पाहिलाय! 1951 चा. त्यात गाण्याच्या मागे जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा. आणि संगीत कोणाचं? सी. रामचंद्र! पुणतांब्याचा चितळकर! मराठी माणसाने जॅझ घराघरांत पोचवलं आणि तू म्हणत्येस नात बिघडली. आपल्या लग्नात बँडवाल्याने काय वाजवलं होतं, आठवतंय?"

काकूंना आठवत होतं. त्या सुपाकडे वळल्या आणि आमसुलं उगीचच उलटी केली.

काकांचं म्हणणं मला अगदी बरोबर वाटतं. आपण जॅझ परकं म्हणतो आणि लग्नाच्या वरातीत त्यावरच नाचतो. गोव्याकडच्या त्या वादकांची नावं मात्र सिनेमाच्या पाट्यांवर क्वचितच आली. त्यांच्यातला ख्रिस पेरी आणि त्याची गायिका लॉर्ना यांनी कोंकणीत ते संगीत आणलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्या भाषेत हे किती सहज बसतं. त्यांच्या गाण्यांवर 'नाचुंया कुंपासार' नावाचा कोंकणी सिनेमा निघाला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण लॉर्नाची गोष्ट वेगळी, ती काढली असती तर आमसुलांवर पाऊस पडेपर्यंत आम्ही तिथेच उभ्या राहिलो असतो.

"सिनेमात कशी गेली मग ही?" काकूंनी विषय पुन्हा टिकलीवर आणला.

"दिल्लीत ओबेरॉयमध्ये गात होती, तिथे देव आनंदची मंडळी आली. 'हरे रामा हरे कृष्णा', 1971. त्यात आशाबाईंबरोबर इंग्रजी गाणं मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी 'बॉम्बे टॉकी'त शंकर-जयकिशनकडे 'हरि ओम तत्सत' गायली होती. मग बप्पी लाहिरींनी 'हरि ओम हरि', 'रंभा हो'. तुमच्या टिकलीवालीची ती गाणी 1980-81 ची."

"हरि ओम म्हणून नाचायचं," काकू पुटपुटल्या. "मामंजी असते तर…"

"मामंजींसारखे तिकडेही होते! बंगालमध्ये डाव्यांचं सरकार. एक मंत्री, जतीन चक्रवर्ती. त्यांनी ठरवलं, ही बाई गाते ती अपसंस्कृती. सरकारी सभागृहात कार्यक्रमच नको."

"आणि?"

"बाई कोर्टात गेली. जिंकली."

"शाब्बास!" काकू एकदम जोरात म्हणाल्या. मग स्वतःच्याच आवाजाने दचकल्या. सरकारी खात्याशी गावठाणाच्या हद्दीवरून काकूंचं कित्येक वर्षं चाललेलं आहे. कोर्टात सरकारला हरवलेली बाई त्यांच्या लेखी त्या क्षणी घरची झाली.

"कोर्टात जातानाही साडीच असणार," त्या म्हणाल्या.

"साडी, आणि टिकलीवर बंगाली 'क'. कलकत्त्याचा 'क'. कपाळावर गावाचं अक्षर घेऊन हिंडणारी बाई. ज्या गावाच्या मंत्र्याने नाही म्हटलं, त्याच गावाचं. आणि पायात काय माहितीय? स्पोर्ट्स शूज. त्यांनासुद्धा कांजीवरमचं कापड आणि काठ लावलेले, साडीला जुळणारे."

"पाय दुखत असतील बिचारीचे." काकूंचा जीव गुडघेदुखीत अडकलेला. "उभं राहून गायचं म्हणजे काय खायचं काम आहे? बूट काठाचे, हे मात्र मला सुचलं नसतं. जुन्या साडीचे करता येतील का गो?"

"बुटांचं मग बघू. 2011 च्या '7 खून माफ'मधलं तिचं 'डार्लिंग' ऐकलंत? रेखा भारद्वाजबरोबर. मूळ चाल 'कालिंका' या रशियन गाण्याची. त्याला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा वय साठीच्या पुढे. 2011 मध्ये पद्मश्री, 2024 मध्ये पद्मभूषण. आणि त्याच्या थोडं आधी पुन्हा त्याच ट्रिंकाजमध्ये उभी राहून मायली सायरसचं 'फ्लॉवर्स' गायली. शहात्तराव्या वर्षी. तो व्हिडिओ जगभर फिरला."

मी फोन काढला. गडग्यावरून काकूंच्या हातात दिला. लाल बोटं स्क्रीनला लागू नयेत म्हणून त्यांनी तो पदरात धरला. काकाही उठून आले. गाणं इंग्रजी, शब्द दोघांनाही कळण्यासारखे नव्हते. काकांचं बोट मात्र गडग्याच्या चिऱ्यावर ठेका धरायला लागलं. काकू नुसत्या बघत होत्या. बाई हसते कशी, माइक धरते कसा, समोरच्या टेबलावरचा माणूस जेवायचा थांबलाय का नाही.

"थांबलाय," त्या म्हणाल्या. "चमचा हातात तसाच आहे बघ त्याचा."

"हं."

"आवाज आमच्या पोरीसारखाच आहे. घोगरा." मग काकांकडे वळून, "तुम्ही तिला मागे बसवायचात क्लासात."

"मी? मी तबल्यावर होतो. बसवलं तुझ्या लेकीने!"

इथून पुढे घरचं भांडण सुरू झालं, ते मी इथे लिहीत नाही. पंधरा मिनिटांनी, म्हणजे मी कपडे वाळत घालून संपवल्यावर, काकू पुन्हा गडग्याशी आल्या.

"शनिवारी पुण्याची गाडी किती वाजता असते गो?"

"सकाळची आहे ना. मारुती मंदिरालाच मिळेल."

"ह्यांना दाढी करायला सांगत्ये." त्या जायला वळल्या आणि परत आल्या. "पण तिथे बसायचं म्हणजे जेवणाचे पैसे द्यावे लागणार ना? नातीचं गाणं ऐकायचं आणि वर त्या हॉटेलवाल्याचं बिल भरायचं?"

"भरावं लागेल बहुतेक."

"छे! हे काय तरीच." त्यांनी विचार केला. "आपला डबा नेलेला चालतो का गो तिथे?"